शेल्टरमधून आणलेली भुरी, आजीचं 'हाड' आणि शेजारची तलंग : कुत्रीला शिकवायचं कसं?

पऱ्हाटी | १४ जून, रात्री ९:४०

मंडळी, लांबण लागणार आहे, आधीच सांगते.

मे अखेरीस नागपूरच्या एका शेल्टरमधून दोन-अडीच वर्षांची कुत्री आणली. देशी, मातकट रंगाची, म्हणून भुरी. कानाला खाच आहे, म्हणजे नसबंदी झालेली. रेबीजची लस टोचलेली, कागद हातात. आमचं गाव आर्वी तालुक्यात. पुढं अंगण, मागं गोठा, मधे चार खोल्या आणि सकाळी पाचला उघडलेलं दार रात्री दहाला लागतं. माणसं सात : आजी, आई, बाबा, दादा, वहिनी, त्यांचा सात वर्षांचा पोट्टा आणि मी.

पहिले चार दिवस ती बाजेखालून निघालीच नाही. रात्री सगळे झोपले की पाणी प्यायची, गंजाचा, म्हणजे भांड्याचा, आवाज यायचा तेवढाच. पाचव्या दिवशी आपण होऊन बाहेर आली आणि आजीच्या पायाशी जाऊन बसली. आम्ही खूश. दहाव्या दिवशी तिनं शेजारच्या काकूंची अंड्यावर आलेली तलंग, म्हणजे तरणी कोंबडी, मारली. चारशे रुपये भरून दिले, बोलणी खाल्ली ती वेगळी. काकू तेव्हापासून आमच्या आईशी बोलत नाहीत.

घरात भुरी गरीब आहे. उंबरठ्याबाहेर पाय पडला की बहिरी. हाक मारा, ओरडा, भाकर दाखवा, काही उपयोग नाही. पोट्टा धावला की त्याच्या अंगावर उड्या. आणि आजी! आजीचा जीव आहे तिच्यावर, पण तोंडात सत्तर वर्षांचं 'हाड' बसलेलं. ती प्रेमानंही 'हाड' म्हणते. भुरीनं रस्त्यावर काढलेल्या दिवसांत हा एकच शब्द पक्का पाठ केलेला दिसतो, कारण ऐकला की शेपूट पोटाखाली.

तालुक्याच्या गावात एक जण कुत्री शिकवतो असं कळलं. आला, गळ्यात जाड पट्टा घातला, खिशातलं बटण दाबलं. भुरी कळवळून उडाली आणि जागच्या जागी मुतली. "आता पाहा कशी ऐकते." तो गेल्यावर ती परत दोन दिवस बाजेखाली. त्याचे हजार रुपये झाले.

बाबा म्हणतात साखळी आण, विषय मिटव. मला साखळी नको. पण मग काय? घरी कुत्रं शिकवलेलं कुणी आहे का इथं?

---

डवऱ्या | १४ जून, रात्री १०:०५

हजार रुपये?? ताई, मले बोलवायचं ना. मी पाचशेत बटण दाबलं असतं, अन् ते बी त्याच्याच गळ्यात पट्टा घालून.

आमच्या घरी तीन कुत्री झाली, एकाले बी काई शिकवलं नाई. पण खरं सांगू, तिन्ही रोडवर गेली. म्हणून वाचून रायलो, लिहा मंडळी.

---

तिसरा मजला, कोथरूड | १४ जून, रात्री ११:३०

आमची लॅब्रेडॉर आहे, क्लासला नेली होती. थोडक्यात लिहितो. पिंजरा किंवा ठरलेली गादी द्या, ती तिची जागा. क्लिकर आणा, 'टक' वाजलं की खाऊ मिळतो हे तिला आधी कळू द्या. मग योग्य ते केलं की त्याच क्षणी टक. घराचं दार बंद ठेवा, बाहेर नेताना कायम पट्टा लावा. चुकीचं करायची संधीच द्यायची नाही, हे अर्धं शिक्षण. आणि तो शॉकचा माणूस परत दारात येऊ देऊ नका.

---

पऱ्हाटी | १५ जून, सकाळी ६:१५

धन्यवाद. गादीचं पटलं. पण दार बंद? दादा, आमच्या दारातून सकाळपासून दूधवाला, निंदणाच्या बाया, दोन वासरं, ग्रामपंचायतीचा शिपाई आणि अर्धी गल्ली जाते. दार लावलं तर लोक विचारतील कोण गेलं म्हणून.

---

खरं बोलू का | १५ जून, दुपारी १:२०

कुणाला आवडो न आवडो. कुत्रं म्हणजे लांडगा. कळपात एक म्होरक्या असतो, तो तुम्ही व्हायचं. आधी तुम्ही जेवायचं मग ते, दारातून आधी तुम्ही मग ते, ऐकलं नाही तर पाठीवर लोळवून मानेला धरायचं. आमचे आजोबा काठी ठेवायचे, कुत्रं ऐकायचं. हे खाऊबिऊ शहरी चोचले आहेत. आणि मुळात रस्त्यावरची कुत्री घरात आणायचीच कशाला? आमच्या गावात शाळेच्या रस्त्यावर आठ-दहाचा घोळका असतो, पोरं घाबरतात, त्याचं काय?

---

गुरांचा दवाखाना | १५ जून, रात्री ९:१०

मी पशुवैद्यक आहे, बावीस वर्षं खेड्यांतच नोकरी. बहुतेक गाई-बैल-शेळ्या, पण कुत्रीही येतात, बहुधा उशिरा.

आधी म्होरक्याचं. हे सगळं ज्या निरीक्षणांवर उभं राहिलं ती १९४७ ची. शेंकेल नावाच्या संशोधकानं स्वित्झर्लंडमध्ये बाझलच्या प्राणिसंग्रहालयातले लांडगे पाहिले. एकमेकांशी नातं नसलेले, एका आवारात कोंबलेले. ते भांडणारच. एसटीच्या टपावर पन्नास माणसं बसवून 'मराठी कुटुंब कसं असतं' ते लिहिण्यासारखं ते झालं. डेव्हिड मीच या लांडग्यांच्या अभ्यासकानं १९७० साली ही कल्पना उचलली. पुढं जंगलातले लांडगे वर्षानुवर्षं पाहिल्यावर त्यानंच १९९९ मध्ये लिहिलं की कळप म्हणजे आई, बाप आणि त्यांची पिल्लं. म्होरकेपणासाठी सहसा कुणी मारामारी करत नाही. आणि भुरी लांडगाही नाही, हजारो वर्षं माणसाच्या उकिरड्यावर वाढलेल्या जातीची आहे. पाठीवर लोळवलंत तर ती एवढंच शिकेल की हा माणूस जवळ आला की धोका. आजोबांचं कुत्रं ऐकायचं असेल. काठी नसताना ऐकायचं का, हे आठवून पाहा.

आता पऱ्हाटीताई. शिकवण्याआधी तिला तपासून घ्या. कानात पू आहे का, गोचीड किती, हिरड्या पांढऱ्या आहेत का. गोचिडाच्या तापानं मलूल झालेली कुत्री 'ऐकत नाही' म्हणून मार खाते, हे मी वरचेवर पाहतो. शेल्टरमधून आलेल्या कुत्र्यासाठी तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा ढोबळ हिशोब सांगतात : तीन दिवस भेदरलेलं, तीन आठवड्यांत घराची रीत कळते, तीन महिन्यांनी घर आपलं वाटतं. तुमचे तीन आठवडे आत्ता कुठं होताहेत, त्यातले दोन दिवस त्या बटणवाल्यानं खाल्ले.

शिकवणं सोपं आहे, कंटाळवाणं आहे. तुम्हाला हवं ते तिनं केलं की त्याच सेकंदाला एक ठरलेला छोटा आवाज, आणि लगेच तोंडात तुकडा. तुम्ही खिसा चाचपेपर्यंत ती उठून गेली असेल, तर तुम्ही उठण्याचं बक्षीस दिलंत. एका वेळी पाच मिनिटं, दिवसातून तीनदा, बस झालं. वेळ पहाटेची किंवा दिवेलागणीची. कुत्र्याला घाम फक्त पंजाच्या गाद्यांना येतो, बाकीची उष्णता मुख्यतः धापा टाकूनच जाते. आपल्याकडच्या उन्हात दुपारी शिकवायला नेलेलं कुत्रं ऐकत नाही ते उर्मट म्हणून नव्हे.

आणि पहिले फक्त दोन धडे : हाक मारली की येणं, आणि तोंडातलं सोडणं. फ्लॅटमध्ये पंजा देणं, लोळणं छान दिसतं. उघड्या दाराच्या घरात हे दोनच तिचा जीव वाचवतील.

---

संत्र्याची बाग | १५ जून, रात्री १०:४५

डॉक्टरसाहेबांशी सहमत. वरुडकडचा आहे, बागेत दोन कुत्री. माझा एक अनुभव, जो कुठल्या व्हिडिओत सापडला नाही.

शब्द आधी निवडा. व्हिडिओतले लोक इंग्रजी शब्द वापरतात आणि त्यांच्या घरात ते इतर कामाला लागत नाहीत. आपण भाषांतर करून 'ये', 'बस', 'थांब', 'नको' घेतो, आणि हे शब्द घरात दिवसाला दोनशे वेळा हवेत असतात. 'अगं ये ना आत', 'ये रे भाऊ', 'फोन ये-जा करतो'. कुत्रं पहिले दोन दिवस कान टवकारतं, मग त्याला कळतं की ह्या आवाजाला काही अर्थ नाही. आपणच त्याला बहिरं करतो. माझ्या मोठ्याला 'बस' शिकवलं. गल्लीत कुणी 'बस आली का बे?' विचारलं की गडी फतकल मारतो. अजून.

एक दिवस कागद घ्या आणि घरातले सगळे भुरीला काय काय म्हणतात ते लिहा. मग बोलू.

---

पऱ्हाटी | १७ जून, सकाळी ७:३०

लिहिलं. हसून घ्या.

तिला बोलावण्यासाठी : ये (मी), भुरे (आई), यू यू यू (बाबा), इकडं ये व माय (आजी), कमॉन (दादा), शिट्टी (पोट्टा), काहीच नाही, नुसती ताटली आपटणे (वहिनी). उडी मारू नये म्हणून : खाली, हट, नको, नो, ए ए ए, आणि अर्थात हाड.

सात माणसं, एक कुत्री, तेरा शब्द. ताटली आपटली की मात्र ती अर्ध्या गावातून येते. म्हणजे कान शाबूत आहेत.

काल दवाखान्यात नेलं. कान ठीक, गोचीड खूप होते, औषध दिलं. आता शब्द सुचवा. घरात दुसऱ्या कामाला न लागणारा, लांबवर ओरडता येईल असा, आणि आजीला उच्चारता येईल असा.

---

संत्र्याची बाग | १७ जून, सकाळी ८:०५

लांब स्वर असलेला घ्या, शेतात ऐकू जातो. मी 'मोऽऽट' घेतला आहे. विहिरीवर मोट होती ती गेली, शब्द रिकामाच होता.

---

डवऱ्या | १७ जून, सकाळी ८:२०

'कर्जमाऽऽफी' ठेवा. सारं गाव धावत येईल, त्यात भुरी बी येईल.

---

पऱ्हाटी | १७ जून, रात्री ८:५०

😂 आजीनं निवडला : 'गूऽऽळ'. शाबासकीचा छोटा आवाज 'हां'. आधी जिभेनं च्यक करून पाहिलं, पण च्यक म्हणजे आपल्याकडं 'नाही'. आजी म्हणाली, तिले नाई म्हणते अन् वरून खायले देते, कुत्री यडी होईन. बरोबर होतं तिचं.

तुकडे म्हणजे उकडलेल्या अंड्याचे, तुरीच्या दाण्याएवढे. पहिल्या दिवशी हातभर अंतरावरून 'गूळ', हां, तुकडा. वीस वेळा. ती माझ्याकडं अशी पाहत होती की हिचं डोकं ठिकाणावर आहे ना.

---

मोहफूल | १८ जून, रात्री ९:००

मी ताडोब्याच्या बाजूचा. ताईंना एक सांगायचं आहे, साखळीबद्दल. दिवसा घडीभर बांधणं वेगळं. पण रात्री अंगणात बांधून ठेवू नका, मग ती कितीही शहाणी असो. आमच्या टोलीवर (वस्तीवर) गेल्या काही वर्षांत बिबट्यानं नेलेली कुत्री बहुतेक बांधलेली होती. मोकळं कुत्रं निदान घरात तरी घुसतं. तुमच्याकडंही जंगल फार लांब नाही. रात्री आत घ्या, गोठ्याला दार असेल तर गोठ्यात.

आणि डिस्टेंपरची लस घ्या, फक्त रेबीजची नाही. तो रोग कुत्र्यांपुरता राहत नाही. २०१८ ला गीरमध्ये सिंह मेले, त्यात हाच विषाणू सापडला होता. वाघाच्या शेजारी राहणाऱ्यानं कुत्र्याला लस टोचणं म्हणजे वाघालाही टोचल्यासारखं आहे.

---

खरं बोलू का | १८ जून, रात्री ९:४०

वाघाची काळजी, सिंहाची काळजी. शाळेच्या रस्त्यावरच्या पोरांची कुणी करणार का? माझ्या प्रश्नाला एकानंही उत्तर दिलं नाही.

---

राखणदार | १८ जून, रात्री १०:१५

भटक्या कुत्र्यांवर आधीच दोन धागे चालू आहेत, तिथं जरूर लिहा. प्रश्न खरा आहे, पण हा धागा घरच्या कुत्र्याला शिकवण्याचा. इथून पुढचे त्या विषयावरचे प्रतिसाद हलवले जातील.

---

गुरांचा दवाखाना | १८ जून, रात्री १०:५०

राखणदार, एवढा एकच राहू द्या. 'खरं बोलू का' यांची चिडचिड मला कळते. चावलेली पोरं माझ्या शेजारच्या आरोग्य केंद्रात येतात. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे पकडून नसबंदी, लस आणि परत त्याच जागी, हे काम स्थानिक संस्थेचं. ग्रामपंचायतही त्यात आली. ग्रामसभेत लेखी मागणी करा. आणि एक गोष्ट धाग्याच्या विषयातलीच : भुरी अशाच घोळक्यातून उचललेली आहे. एक कुत्री एका घरात टिकली तर रस्त्यावरून एक कमी होते. टिकली नाही तर ती परत शाळेच्या रस्त्यावर.

---

धानपट्टा | २१ जून, दुपारी ३:३०

साकोलीहून. कोंबड्यांचं मी केलेलं सांगते, कारण आमच्या काळूनं दोन मारल्या होत्या.

आधी मुसकं. बैलाला डवऱ्याला जुपताना पीक खाऊ नये म्हणून बांधतो, तसंच. पण बैलाच्या नमुन्याचं, जाळीचं, सैल. आत तोंड पूर्ण उघडून धापा टाकता आल्या पाहिजेत आणि पाणी पिता आलं पाहिजे. काही लोक फडक्यानं थुतरी आवळतात, उन्हात कुत्रं मरेल अशानं. मुसकं एकदम घालू नका. आठवडाभर नुसतं हातात धरून त्यात तुकडा ठेवायचा, ती आपण होऊन तोंड घालते. मग क्षणभर बांधायचं, सोडायचं.

दुसरं, लांब दोर. बाजारातला पट्टा चार हात असतो. बैलाचा जुना कासरा घ्या. गळ्यात नाही, छातीपट्ट्याला बांधा, नाहीतर धावत सुटली की मानेला हिसका बसतो.

मग एक कोंबडी डाल्याखाली झाका आणि भुरीला लांब उभी करा. इतकी लांब की तिला कोंबडी दिसते पण ती ताणत नाही. आमच्या काळूचं ते अंतर चाळीस पावलं निघालं! कोंबडीकडं पाहिलं, हां, तुकडा. पाहिलं, हां, तुकडा. काही दिवसांनी ती कोंबडीकडं पाहून लगेच तुमच्याकडं पाहील. तो दिवस आला की दोन पावलं पुढं. घाई केलीत की परत मागं.

---

पऱ्हाटी | २ जुलै, रात्री ९:२०

बरंच झालंय, सांगते.

बाबांचा विरोध एका वाक्यात मावळला. मी पाच मिनिटांत शिकवणं थांबवलं तर म्हणाले, एवढंच? मी म्हटलं, बाबा, गोऱ्हा पहिल्यांदा वखराला जुपला तेव्हा पहिल्या दिवशी किती काढलं? ते म्हणाले, दोन तास... दोन तास म्हणजे शेताचे तास हो, वखराच्या ओळी, घड्याळाचे नाही. आणि मग स्वतःच हसले. गोऱ्ह्याला चिडून सोडायचं नसतं, चांगला चालला की तिथंच सोडायचं, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत. फक्त कुत्र्यालाही ते लागू पडतं असं कुणी त्यांना म्हटलं नव्हतं. कासरा त्यांनीच काढून दिला, गाठी तपासून. मुसकंही बाजारातून आणलं नाही, त्यांनी सुतळीचं विणलं, मोठ्या घरांच्या जाळीचं.

आता कोंबडी. आमच्याकडं कोंबड्या नाहीत, काकू देतील कशाला. पोट्टा गेला मागायला. काय बोलला देव जाणे, एक तांबडी डाल्यासकट घेऊन आला. "काकूआजी म्हणे संध्याकाळी वापस पायजे, अन् एक बी पंख कमी नाई पायजे."

भुरीचं अंतर बत्तीस पावलं. पहिल्या दिवशी तीस पावलांवर नेलं तर अंग ताठ, पुढचा उजवा पाय उचललेला, कान पुढं, श्वास बंद. अंड्याचा तुकडा नाकाला लावला तरी कळेना. परत बत्तीसवर आले. तिनं हवा हुंगली, पापणी लवली, मान किंचित माझ्याकडं. हां. त्या दिवशी तीन अंडी संपली. दहा दिवसांत अठरा पावलांवर आलो. काल तांबडी डाल्यात फडफडली तेव्हा भुरी दचकली आणि कोंबडीकडं न धावता माझ्या पायाला येऊन टेकली.

भिंतीवरून काकू पाहत होत्या. बोलल्या नाहीत. पण उभ्या होत्या.

---

डवऱ्या | २ जुलै, रात्री ९:३५

उजवा पाय उचललेला वाचून माह्या बी अंगावर काटा आला, च्यामारी.

---

पऱ्हाटी | ११ जुलै, रात्री ११:५०

आज वाईट झालं. दोन गोष्टी.

सकाळी शेतात डवरणी चालू होती. गेला आठवडा 'गूळ' इतकं सुंदर जमत होतं की मी कासरा सोडला. धुऱ्याकडून (बांधाकडून) चार रोही, म्हणजे नीलगायी, निघाले. भुरी गेली. मी 'गूऽऽळ' म्हणून घसा फोडला, बाजूच्या वावरातला माणूस विचारतो, गूळ विकून रायली काय व? दोन तासांनी आली, पाय रक्ताळलेले. आणि मी तिला एक ठेवून दिली. आली तेव्हा. मला तेव्हाच कळलं काय केलं ते.

संध्याकाळी ती भाकरीचा तुकडा घेऊन बाजेखाली बसली होती, पोट्ट्यानं हात घातला. ती गुरगुरली, त्यानं हात मागं घेतला नाही, दात लागला. अंगठ्याजवळ खरचटलं, थोडं रक्त. बाबांनी काठी उचलली. घरात रडारड. उद्या बहुतेक परत शेल्टरला.

---

गुरांचा दवाखाना | १२ जुलै, पहाटे ५:२०

आधी पोरगा. जखम साबणानं, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं, घड्याळ लावून. हळद-तिखट-चुना काही नाही, पट्टी घट्ट नाही. रात्री केलं नसेल तर आत्ता करा. मग आज सकाळीच सरकारी दवाखान्यात. कातडीत देतात ती लस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. रक्त आलेलं असल्यामुळं जखमेत द्यायचं इम्युनोग्लोब्युलिन लागतं का ते तिथं आवर्जून विचारा. भुरीला लस दिली आहे म्हणून हे टाळू नका. तिला दहा दिवस नजरेखाली ठेवा.

आता भुरी. गुरगुरणं हा गुन्हा नाही, तो इशारा आहे. तिनं आधी सांगितलं, मग दात लावला. गुरगुरल्याबद्दल मारलंत तर पुढच्या वेळी ती न सांगता चावेल. पोराला नियम : खाणाऱ्या कुत्र्याजवळ जायचं नाही, तिच्या तोंडातलं काढायचं नाही, बाजेखालची जागा तिची. 'सोड'चा धडा मोठ्यांनी घ्यायचा, तोही हिसकावून नाही, अदलाबदलीनं. तिच्याकडं भाकर, तुमच्याकडं काळजाचा तुकडा. ती सोडते, तुकडा घेते, आणि भाकरही परत मिळते. माणूस जवळ आला की नुकसान होत नाही, हे तिला शंभरदा दिसलं पाहिजे.

मारण्याचं झालं ते झालं. पण तिच्या हिशोबात तुम्ही रोह्यामागं धावण्याबद्दल मारलं नाही, परत येण्याबद्दल मारलं. आता आठ दिवस कासरा, आणि परत हातभर अंतरापासून.

---

संत्र्याची बाग | १२ जुलै, सकाळी ६:४०

आणि पहिल्या आठवड्याच्या यशावर कासरा सोडणं, हे आम्ही सगळ्यांनी केलंय. अंगणात येणं आणि रोह्यासमोरून येणं हे दोन वेगळे धडे आहेत.

---

खरं बोलू का | १२ जुलै, सकाळी ९:१५

पोरगा बरा आहे का? लस मिळाली का? आमच्या गावात साठा नसतो, जिल्ह्याला जावं लागतं, तसं असेल तर आधी फोन करून जा.

शेल्टरला सोडू नका लगेच. तिला रोह्यांमागं लागायला शिकवा असं मी म्हणणार होतो, पण राहू दे. आमचा मोती रानडुकराच्या सुळ्यानं गेला.

---

मोहफूल | १२ जुलै, दुपारी १२:३०

आणि अंगावर कुत्री सोडून रानडुक्कर मारणं परवानगीशिवाय १९७२ च्या वन्यजीव कायद्यात शिकारच ठरतं. कुत्र्यानं धुऱ्यावर भुंकावं, तेवढं पुरे.

---

पऱ्हाटी | १२ जुलै, रात्री ९:००

पोट्टा बरा आहे, लस मिळाली, सुईला रडला नाही म्हणून स्वतःच सगळ्यांना सांगतोय. 'खरं बोलू का', विचारलंत, बरं वाटलं.

भुरीला ठेवतोय. आजीनं निकाल दिला : "पोट्ट्यानं माह्या ताटातली भाकर ओढली असती तं म्या बी चावली असती."

बाबांनी साखळीचा विषय परत काढला होता. दादानं कुठूनसं शोधून वाचून दाखवलं, १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात, कलम ११ मध्ये, आखूड किंवा जड साखळीनं फार वेळ बांधणं, आणि कायम बांधलेल्या कुत्र्याला फिरवायला न नेणं, दोन्ही गुन्हे आहेत. बाबा म्हणाले, बैलाले नाई का असा कायदा? आहे म्हटलं, त्यालाही आखूड दावं चालत नाही. मग गप्प बसले आणि गोठ्यात जाऊन दावी पाहून आले.

---

पऱ्हाटी | १६ ऑगस्ट, रात्री ८:३०

बरेच दिवस लिहिलं नाही, निंदणात होते.

गूळ : धुऱ्यापर्यंत येते. माकड दिसलं तर दहातून सहादा. कासरा अजून छातीपट्ट्याला आहे, नुसता जमिनीवर ओढत जातो. सोड : भाकर सोडते, चप्पल सोडते, मेलेला उंदीर सोडत नाही. कोंबडी : मोकळ्या कोंबड्या सहा पावलांवर, मुसक्यासकट. मुसकं काढायची माझी हिंमत नाही आणि घाईही नाही. उड्या : पोट्टा धावताना थांबून झाडासारखा उभा राहतो, पाय जमिनीवर टेकले की हां. आजी 'हाड' विसरली नाही. पण आता 'हाड' म्हटल्यावर लगेच तुकडा देते, त्यामुळं तो शब्द ऐकला की भुरी शेपूट हलवत येते. हे कुठल्या क्लासात बसेल माहीत नाही.

आता पोळा तोंडावर आला. आखरावर (गुरं जमतात त्या मोकळ्या जागी) बैल, डफडं, झडत्या (पोळ्याची गाणी), वरून फटाक्यांचे बार. तिला सोबत न्यावं का?

---

गुरांचा दवाखाना | १६ ऑगस्ट, रात्री ९:०५

नेऊ नका. आतल्या खोलीत, बाजेखाली, पंखा चालू, चघळायला हाड. खरं हाड, आजीचं नाही. आणि उकडलेलं नको, त्याच्या चिरफळ्या होतात. पट्ट्यावर तुमचा फोन नंबर लिहून ठेवा; बारांच्या आवाजानं पळालेली कुत्री सहजी सापडत नाहीत.

---

पऱ्हाटी | १६ ऑगस्ट, रात्री ९:२५

ठीक, घरातच ठेवते. पण पोट्ट्याला दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला ती हवीच आहे. त्याच्या लाकडी बैलाची चाकं खडखडतात आणि भुरी त्या बैलावर भुंकते. आठ दिवस झाले, तो रोज शाळेतून आला की दोरी एक बोट ओढतो, चाक एकदा खडखडतं, हां, तुकडा. मी शिकवलं नाही त्याला. अर्धं अंडं भुरीला, अर्धं त्याला.

---

डवऱ्या | १६ ऑगस्ट, रात्री ९:३०

एवढी अंडी कुठून आनता व ताई?

---

पऱ्हाटी | १६ ऑगस्ट, रात्री ९:३२

शेजारच्या काकूंकडून. गावरान आहे म्हणे, पंधरा रुपयाले एक. तलंगीचा हिशोब अजून चालू आहे.